नवस आमचा, पंगत बबनरावांची

माझ्या आयुष्यात मी एकाच पक्षाला मत दिलं आणि एकाच माणसाला शिव्या दिल्या. यंदा आमच्या पक्षानं त्याच माणसाला नगराध्यक्षपदाचं तिकीट दिलं.

पक्षाचं नाव मी सांगणार नाही. तीस वर्षं मतदान केंद्राबाहेर आमच्या पक्षाचं टेबल टाकून मतदारांना चिठ्ठ्या दिल्यामुळे आचारसंहिता माझ्या अंगात मुरली आहे. (बायको म्हणते, आचारसंहिता नाही, संधिवात मुरला आहे. टेबलामागची खुर्ची लोखंडी होती.) चिन्हही सांगत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, आणि ज्यांना कळणार नाही ते तसेही दुसऱ्या बाजूचे असतील.

आमचं गाव अमरावती आणि अकोला यांच्या मधोमध आहे. दोन्हीकडून येणाऱ्या एस.टी.त इथे येईपर्यंत जागा उरलेली नसते आणि दोन्हीकडच्या पेपरात आमच्या बातमीला जागा उरलेली नसते. पण गावाला नगरपरिषद आहे आणि तिचा अध्यक्ष थेट जनतेनं निवडायचा असतो. त्यामुळे निवडणूक लागली की आमच्याकडची माणसं पानठेल्यावर अशी बोलतात, की ऐकणाऱ्याला वाटावं अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष हेच निवडून देणार आहेत आणि त्याचं नाव अजून ठरायचं आहे.

तर बबनराव. पंचवीस वर्षांपूर्वी ते आमच्या भागाचे नगरसेवक झाले आणि त्यांनी आमच्या गल्लीत सिमेंटची नाली बांधली. नालीचा उतार जिकडे हवा त्याच्या बरोबर उलट निघाला. तेव्हापासून नळाचा दिवस आला की अख्ख्या गल्लीचं धुण्याभांड्याचं पाणी वाहत येतं आणि माझ्या फाटकासमोर येऊन थांबतं. लोक मला विचारायचे, वसंतराव, तुमचा बबनरावांशी विरोध तात्त्विक आहे की वैयक्तिक? मी म्हणायचो, शुद्ध तात्त्विक. आतून बायको म्हणायची, "तत्त्व कायचं बाप्पा, नाली हाये थे."

राग घरात ठेवला असता तर निभावलं असतं. मी तो चौकात नेला. एका निवडणुकीत मोठ्या वक्त्यांना यायला उशीर झाला म्हणून कार्यकर्त्यांनी माइक माझ्या हातात दिला. मी खरेदी-विक्री संघातला कारकून, भाषण कशाशी खातात हे मला ठाऊक नव्हतं. तोंडाला आलं ते बोललो : "या वसंत इंगोल्याचं एक बोट जरी कधी बबनरावांसाठी हललं, तर गावाले तोंड दाखवणार नाही!" टाळ्या अशा पडल्या की पुढच्या प्रत्येक निवडणुकीत मला तेवढं एक वाक्य म्हणायला बोलावू लागले. कोणाच्या नावावर शेत असतं, कोणाच्या नावावर दुकान. गावात माझ्या नावावर ते वाक्य होतं.

तिकिटाची बातमी मला रहमतभाईंच्या दुकानात कळली. रहमतभाईंचं गाद्या भरायचं दुकान आमच्या गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, चौकाच्या तोंडाशी आहे. ते पिढीजात दुसऱ्या पक्षाचे, म्हणजे बबनरावांच्या पक्षाचे. तीस वर्षं आम्ही रोज सकाळी त्यांच्या दुकानात कापसाच्या ढिगावर बसून एकाच बशीतला चहा अर्धा अर्धा पीत भांडलो आहोत. त्या दिवशी मी गेलो तर त्यांनी भांडणाला सुरुवातच केली नाही.

"वसंतभाऊ, बैठो. पैले पानी पीव," ते म्हणाले.

"काय झालं? कोन गेलं?"

"बबनराव गये."

मी हातातला पेपर बाजूला ठेवला. माणूस कसाही असो, गेल्यावर वाईट बोलू नये. "केव्हा? काल तं बाजारात दिसले होते."

"वैसे नै गये. तुमारे में गये. कल शाम कू प्रवेश हो गया, तिकीट बी हो गया."

मी पाणी प्यायलो. रहमतभाईंनी पुन्हा पेला भरला. "और सुनो. तुमारे अण्णा का तिकीट कटा, तो वो हमारे में आ गये. हमारा तिकीट उनकू."

अण्णा म्हणजे आमच्या पक्षाचे गावातले सगळ्यात जुने नेते. त्यांच्यासाठी मी तीस वर्षं चिठ्ठ्या वाटल्या आणि त्यांनाच रहमतभाईंनी तीस वर्षं नावं ठेवली. म्हणजे आता मला चिन्हाशी इमान राखायचं तर बबनरावांना मत द्यावं लागणार आणि रहमतभाईंना अण्णांना. भांडायचं ठरवलं असतं तरी कोणी कोणाची बाजू घ्यायची, हेच कळत नव्हतं.

"अपन दोनो एक काम करते," शेवटी रहमतभाई म्हणाले. "सबसे नीचे वो बटन रहता ना, इनमें से कोई नै वाला? नोटा. वोच दबाते."

"पक्कं?"

"तुमारे वाक्य की कसम."

घरी येऊन मी भिंतीकडे तोंड करून झोपलो. दोन दिवस नीट जेवलो नाही. पक्षाच्या ऑफिसातून टेबलाचं विचारायला माणूस आला, तर बायकोनं सांगितलं की त्यांना बरं नाही. आमच्या सौभाग्यवतींचं नाव कुसुम. ती राजकारणात पडत नाही, पण राजकारण घरात पडून असलं की तिला केर काढता येत नाही.

"अवो, उठा ना आता. उमेदवार बदलला तुमचा, काही मी नाई बदलली."

"तुले नाई समजायचं. माणसाची तीस वर्षं मातीत गेली."

"मातीत नाई, नालीत गेली. उठा. रविवारचे रोडगे हायेत, आमंत्रणं कोन देईन?"

रोडग्यांचं असं, की या वर्षाच्या सुरुवातीला आमच्या सुनेचं बाळंतपण अवघड झालं होतं. पोरगा सुमित आणि सून पूजा पुण्याला असतात. दवाखान्यातून सुमितचा फोन आला, तेव्हा कुसुम उभ्याउभ्या नाल्याकाठच्या आसरामायपाशी, म्हणजे आमच्या पाण्याच्या देवीपाशी, गेली आणि बोलली : मायलेकरं सुखरूप राहू दे, लेकरू एक वर्षाचं व्हायच्या आत तुझ्यापाशी रोडग्यांची पंगत घालीन. दोघी सुखरूप राहिल्या. नात ईश्वरी दहा महिन्यांची झाली. दिवाळीतच सुमितनं रजा पाहून रविवार ठरवला. नंतर निवडणूक जाहीर झाली आणि मतदान त्याच रविवारनंतरच्या मंगळवारी आलं. त्यात आमचा दोष नाही. आसरामायचा तर नाहीच नाही.

मी उठलो. दोनशे घरांना लेखी आमंत्रण द्यायचं, म्हणजे कागद हवा. माळ्यावर पाहिलं तर मागच्या चार निवडणुकांच्या उरलेल्या मतदार चिठ्ठ्यांचे गठ्ठे निघाले. एका बाजूला चिन्ह आणि नाव-नंबराच्या रेषा, दुसरी बाजू कोरी करकरीत. मी रागातच होतो. म्हटलं, या चिन्हाची आता हीच लायकी आहे, पाठीवर रोडग्यांचं आमंत्रण! कोऱ्या बाजूला सुवाच्य अक्षरात लिहिलं : "रविवारी दुपारी बारा वाजता आसरामायजवळ रोडगे. चूलबंद आमंत्रण. – व. इंगोले." चूलबंद म्हणजे त्या दिवशी घरची चूल पेटवायची नाही, लेकराबाळांसकट सगळ्यांनी यायचं. दोनशे चिठ्ठ्या लिहिल्या. राग जरा कमी झाला.

गुरुवारी पहाटे फिरायला जाताना मी त्या स्वतः वाटल्या. दाराखालून चिठ्ठी सरकवायची माझी एक पद्धत आहे. वाकायचं, चिठ्ठी उंबऱ्यावर ठेवायची, अंगठ्यानं आत ढकलायची. चिन्ह वरच्या बाजूला. तीस वर्षांत एकही चिठ्ठी मी पालथी टाकली नाही, या गोष्टीचा मला अभिमान होता आणि गुरुवारीही मी एकही चिठ्ठी पालथी टाकली नाही.

शुक्रवारी सकाळी फोन वाजला.

"वसंतराव? मी बबनराव बोलतो."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मानलं तुमाले. मी म्हनत होतो, वसंतराव आपल्याले नाई माफ करनार. अन् तुमी तं साऱ्या वार्डाले जेवण ठेवलं, तेबी चिन्ह छापून. माह्या डोयात पानी आलं, खरं सांगतो. रविवारी मी येतो. काही कमी पडू देत नाई."

"अहो बबनराव, थे नवसाचं..."

"समजलं. असंच म्हनाचं असते," बबनराव म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

मी कुसुमला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिनं वर न पाहता विचारलं, "मंग चिठ्ठ्या उलट्या काहून नाई टाकल्या?"

"सवय हाये हाताची."

"मंग हाताले भोगू द्या."

मी म्हटलं, रोडगे पुढच्या रविवारी ठेवू. तिनं सूप खाली ठेवलं. "कनिक दळून आली, गोवऱ्या येऊन पडल्या, लेकरू उद्या पुण्याहून निघते. अन् आसरामायले तारखा बदलून देतेत का? कोर्ट हाये थे?"

मग मी घरोघर जाऊन खुलासा करायचं ठरवलं. एवढी मोठी चूक मी आधीच्या चुकीनंतर लगेच करायला नको होती. पहिल्या दारात सांगितलं, "रविवारचं जेवण आमच्या घरचं हाये. बबनरावांचा काही संबंध नाई." घरधनी हसले. डावा डोळा मिटून म्हणाले, "समजलं, वसंतराव. उघड बोलाचं नसते." दुसऱ्या दारी तेच. तिसऱ्या दारी एक म्हातारी म्हणाली, संबंध नाही तर सांगत कशाला फिरता? संध्याकाळपर्यंत मी इतक्या दारांत बबनरावांचं नाव घेतलं होतं, की तेवढ्या दारांत खुद्द बबनराव पोचले नव्हते.

रहमतभाईंकडे मात्र मी शेवटी गेलो. चिठ्ठी त्यांच्या गल्ल्यावर ठेवलेली होती, चिन्ह वर. मी ती उलटी करून आमंत्रण दाखवलं आणि आईची शपथ घेतली. त्यांनी चिठ्ठी दोनदा उलटसुलट करून पाहिली.

"मैं तो मानता हूँ," ते म्हणाले. "लेकिन वसंतभाऊ, तुमारा दुश्मन बी तुमारे लिये इतना नै करता."

रविवारी सकाळपासून आसरामायपाशी गोवऱ्यांची आगटी पेटली. ज्यांनी रोडगे खाल्ले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो : जाडसर कणकेचे मुठीएवढे गोळे निखाऱ्यात भाजायचे, राख झटकायची, फोडून तुपात बुडवायचे आणि वांग्याच्या झणझणीत भाजीबरोबर, वरणाबरोबर खायचे. एक खाल्ला की माणूस सुखी होतो, दोन खाल्ले की झोपतो. आम्ही चारशे माणसांचा अंदाज केला होता. चूलबंद म्हटलं तरी अर्धे लोक येत नाहीत, हा नेहमीचा हिशेब.

साडेअकराला अख्खा वार्ड आला. पावणेबाराला शेजारचा वार्ड आला, त्यांना मी बोलावलं नव्हतं. बाराच्या ठोक्याला डफडं वाजायला लागलं आणि नाल्याच्या पुलावरून आमच्या पक्षाची उपरणी घातलेले शंभरेक लोक उतरले. पुढे बबनराव, हात जोडलेले, चेहरा माहेरी आलेल्या पोरीसारखा.

मी आगटीजवळून उठलो. म्हटलं, होईल ते होवो, यांना इथूनच परत धाडतो. कुसुमनं माझा सदरा मागून धरला.

"नवसाच्या पंगतीतून कोनाले उठवाचं नाई. जेवढ्या तोंडी रोडगा लागन तेवढा नवस फिटते."

"अवो, पन हा बबनराव हाये."

"त्याले तोंड नाई का?"

बबनराव पंगतीत बसले असते तरी मी सहन केलं असतं. ते बसले नाहीत. बाह्या वर केल्या, वांग्याच्या भाजीची बादली उचलली आणि वाढायलाच लागले. "घ्या काकू. घ्या ना, अजून एक पळी. वसंतरावांच्या घरचं हाये, लाजू नका." मी रोडग्यांची टोपली दोन्ही हातांनी धरून त्यांच्या मागून निघालो, कारण रोडग्याशिवाय भाजी कशी खाणार लोक? पुढे ते भाजी, मागे मी रोडगे. त्यांच्या एका कार्यकर्त्यानं येऊन माझ्या गळ्यात उपरणं टाकलं. हात रिकामे नव्हते म्हणून मला ते काढता आलं नाही. पंगतीच्या टोकाला रहमतभाई बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, रोडगा फोडला आणि मान खाली घालून खाऊ लागले. त्या क्षणी मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात पुलावर जीप थांबली. निवडणुकीचं भरारी पथक.

पथकाचे साहेब सावकाश उतरले. सोबत कॅमेरावाला. साहेबांच्या हातात माझी चिठ्ठी होती, चिन्ह वर. कोणीतरी तक्रार केली असणार. (अण्णांच्या माणसांनी, हे मला नंतर कळलं. ज्या अण्णांसाठी मी तीस वर्षं वाकलो, त्यांनी.)

"हा भोजनाचा कार्यक्रम कोणत्या उमेदवाराच्या वतीनं आहे?"

डफडं थांबलं. बबनरावांच्या हातातली पळी भाजीतच राहिली. त्यांचा चेहरा पाहून मला एकदम सगळं कळलं. आता माझ्या एका शब्दावर बबनराव होते. मी नुसतं "बबनरावांच्या" म्हटलं असतं, तर गुन्हा, नोटीस, कदाचित उमेदवारीसुद्धा गेली असती. पंचवीस वर्षांचं नालीचं पाणी एका शब्दात फिरलं असतं. पुरावे तयार होते : चिठ्ठी, चिन्ह, उपरणी, भाजीची बादली. मी खोटं बोललो हे जगात कोणालाच कळलं नसतं. शब्द माझ्या जिभेवर आला होता.

कुसुम माझ्याजवळ येऊन उभी राहिली. तिच्या कडेवर ईश्वरी होती, कपाळाला आसरामायचा अंगारा, हातात रोडग्याचा तुकडा. कुसुम हळूच म्हणाली, इतकं हळू की कॅमेऱ्यालाही ऐकू गेलं नाही, "नवस या लेकराचा हाये. इथं उभं राहून खोटं बोलसान तं थे हिच्या डोक्यावर जाईन. मंग पाहा."

नातीनं रोडग्याचा तुकडा माझ्या तोंडाकडे धरला. मी तो खाल्ला. मग साहेबांना म्हणालो, "हे माह्या घरचं जेवण हाये. माह्या नातीचा नवस."

"मग चिठ्ठीवर हे चिन्ह?"

"जुन्या चिठ्ठ्या. माह्याच घरच्या. कागद वाया जाऊ नाई म्हनून."

"आणि उमेदवार इथं भाजी कसे वाढत आहेत?"

सगळं गाव ऐकत होतं. मी पुन्हा एकदा नातीकडे पाहिलं.

"नवसाच्या पंगतीत आलेला माणूस पाहुना असते, साहेब. बबनराव आमच्या घरचे पाहुने हायेत. आले, चार लोकाले वाढलं. त्यात त्याइचा काही दोष नाई. दोष असन तं माहा."

साहेबांनी ते लिहून द्यायला सांगितलं. कारकुनी हात, लिहायची सवय. झाडाखाली बसून मी एक पान जबाब लिहिला. संदर्भ, विषय, खाली सही, तारीख. त्यात "श्री. बबनराव यांचा सदर कार्यक्रमाशी कोणताही संबंध नसून ते निर्दोष आहेत" हे वाक्य दोनदा आलं, कारण पहिल्या वेळी माझंच मन ते मानायला तयार नव्हतं. सही करताना माझे डोळे भरून आले. लोकांना वाटलं, गोवऱ्यांचा धूर लागला.

साहेबांनी जबाब घेतला. कुसुम म्हणाली, "आता जेवा." ते म्हणाले, पथकाला चालत नाही. पण जीपमध्ये बसेपर्यंत त्यांनी तीनदा मागे वळून आगटीकडे पाहिलं.

संध्याकाळपर्यंत गावातल्या प्रत्येक मोबाइलवर एक व्हिडीओ फिरत होता. आमच्या सुमितलाही पाच ग्रुपवरून आला. गळ्यात उपरणं घातलेला, डोळ्यांत पाणी आणलेला मी, आणि माझा आवाज : "बबनराव आमच्या घरचे... त्याइचा काही दोष नाई." मधलं "पाहुने" कोणीतरी कापलं होतं आणि मागे सनई टाकली होती. खाली लिहिलं होतं, अखेर वसंतरावही बोलले.

सुमित म्हणाला, "बाबा, तुमी तं व्हायरल झाले."

मी पुन्हा भिंतीकडे तोंड करून झोपलो.

मंगळवारी सकाळी सातला मतदानाला गेलो. आमच्या टेबलावर नवी पोरं बसली होती, पण माझी लोखंडी खुर्ची त्यांनी आणून ठेवली होती आणि तिच्यावर उशी होती. उशी बबनरावांनी पाठवली होती. मी बसलो नाही. रांगेत रहमतभाई माझ्या मागेच होते. तोंडानं बोलले नाहीत, बोटानं फक्त खाली खूण केली : सगळ्यात खालचं बटण. मी मान हलवली. आत गेलो, पुठ्ठ्यामागे उभा राहिलो, बटण दाबलं, मशीन वाजलं, बाहेर आलो. माझ्या पाठोपाठ रहमतभाई गेले, त्यांचंही मशीन वाजलं. घरी येऊन मी कुसुमला छाती पुढे काढून सांगितलं, "नोटा." ती म्हणाली, "हो का?" आणि भाकर थापायला लागली.

बबनराव निवडून आले. सत्काराच्या सभेत त्यांनी भाषणात माझा जबाब जसाच्या तसा म्हणून दाखवला. वीस दिवसांत आमच्या गल्लीत मजूर आले. मुकादम म्हणाला, "अध्यक्षसाहेबानं सांगितलं, पयले वसंतरावांची नाली." त्यांनी जुनी नाली फोडली आणि उतार फिरवला. पुढच्या नळाच्या दिवशी माझ्या फाटकासमोर पहिल्यांदा कोरडी जमीन दिसली. पंचवीस वर्षांत आमच्या पक्षानं माझं एकच काम केलं, आणि तेही बबनरावांनी.

पाणी जातं कुठे हे पाहायला मी गल्लीच्या दुसऱ्या टोकाला गेलो. ते रहमतभाईंच्या पायरीशी थांबलं होतं. रहमतभाईंनी कापसाचे गठ्ठे फळीवर चढवले होते आणि स्वतः स्टुलावर पाय वर घेऊन बसले होते. मी दुसऱ्या स्टुलावर पाय वर घेऊन बसलो. बऱ्याच दिवसांनी त्यांनी बशीत चहा ओतला आणि अर्धा माझ्याकडे सरकवला.

"अब मैं बबनराव का विरोधक," ते म्हणाले. "पक्का. तत्त्व से."

"शुद्ध तात्त्विक," मी म्हटलं.

"सच बोलो वसंतभाऊ. उस दिन किसका दबाया?"

"नोटा. अन् तुमी?"

"नोटा."

आम्ही चहा पीत पायरीखालच्या पाण्याकडे पाहत राहिलो. समोरच्या पानठेल्यावर निकालाचा बूथवार कागद अजून चिकटवलेला होता. आमच्या बूथवर नोटाला शून्य मतं होती, आणि तो कागद आम्ही दोघांनीही चष्मा लावून वाचलेला होता.